वाचक विचारतात : बाटली कुठली चालेल?

मागच्या अंकात आल्याचं फसफसणारं पेय घरी कसं करायचं ते दिलं होतं, म्हणजे किसलेलं आलं, साखर, लिंबू आणि पाणी आंबवायचं, बाटलीत भरायचं आणि गॅस धरला की फ्रिजमध्ये. कृतीबद्दल कुणी फारसं काही विचारलं नाही, बहुतेक सगळे प्रश्न बाटल्यांवरच आलेत, आणि ते बरंच आहे कारण चव बिघडली तर बेसिनमध्ये ओतून मोकळं होता येतं, बाटली फुटली तर फ्रिजखालची काच महिनाभर निघत राहते. त्यामुळे यावेळी फक्त बाटल्या.

दादा, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मुलगा लीड्सला असतो, तिथे तो आणि त्याचा रूममेट घरी बिअर बनवतात, एका वेळी वीस लिटर. जूनमध्ये मी आणि मिसेस त्याच्याकडे जातोय. तो म्हणतो की नवीन बाटल्या महाग पडतात म्हणून पबमधून रिकाम्या आणणार, त्या चालतील का? ब्राऊनच हव्यात की साध्या काचेच्या पण चालतात? आणि खरं सांगायचं तर परत आल्यावर मलाही इथे करून बघायचीय, रिटायर झाल्यापासून वेळच वेळ आहे.
– एक वाचक, ठाणे पश्चिम

काका, आधी तुमचं शेवटचं वाक्य निकालात काढू, कारण त्याचं उत्तर नाही असं आहे. इंग्लंडमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला लायसन्स लागत नाही, विकायची मात्र नाही, त्यामुळे मुलगा करतोय ते अगदी रीतसर आहे. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे, १९४९ चा, आधी त्याचं नाव मुंबई दारूबंदी कायदा होतं, आणि त्यानुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. बिअर त्यात आलीच. पाच लिटर केली, घरातच प्यायली, कुणाला विकली नाही, हे काही कामाला येत नाही. मायक्रोब्रुअरीवाले करतात ते राज्य उत्पादन शुल्क विभागाचं लायसन्स काढून करतात. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) ऑनलाईन मिळतात म्हणजे करायला पण चालत असणार असं सोसायटीतलं कुणीतरी सांगेलच, ऐकू नका. हात लीड्सला साफ करून घ्या, इथे आल्यावर आल्याचं पेय आहेच.

आता बाटल्या. पबमधून रिकाम्या आणणार हे मुलाचं डोकं एकदम बरोबर चाललंय. बाटली बघताना एकच प्रश्न विचारायचा, हिच्यात आधी गॅसचं पेय होतं का? होतं असेल तर ती प्रेशरसाठीच बनवलेली आहे. वाईनची, व्हिस्कीची, ज्यूसची बाटली हातात कितीही जड लागली तरी ती त्या कामाची नाही, कारण आत प्रेशर येणार हे धरून ती बनवलेलीच नसते. आणि हे प्रेशर किती असतं याचा लोकांना अंदाज नसतो. नेहमीच्या बिअरमध्ये साधारण अडीच व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस विरघळवून कोंबलेला, आणि २० डिग्रीला त्याचं प्रेशर तीसच्या आसपास पीएसआय भरतं. पेट्रोल पंपावर आपण गाडीच्या चाकात हवा भरतो ना, तेवढं. हेच ठाण्यातल्या मे महिन्यात ३० डिग्रीच्या वर गेलं की चाळीसपर्यंत जातं, बाटली तीच, पेय तेच, फक्त गरम झालं म्हणून.

रंगाचं म्हणाल तर बिअरला ब्राऊनच. बिअरमध्ये हॉप्स असतात, त्यातल्या कडू घटकांवर उजेड पडला की एक गंधकाचं संयुग तयार होतं आणि त्याला घाणेरडा वास येतो, इंग्रज लोक त्याला स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात, आपल्याकडे तो प्राणी नाही म्हणून सुटलो. ब्राऊन काच हा त्रास देणारा निळा आणि अल्ट्राव्हायोलेट उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी काच फार कमी आणि साधी पांढरी जवळजवळ नाहीच. मुलाकडे हिरव्या बाटल्या जास्त जमल्या तर फेकायची गरज नाही, खोक्यात भरून कपाटात अंधारात ठेवल्या की झालं, खिडकीत मांडू नका म्हणजे मिळवलं.

झाकणात दोन प्रकार. एक आपलं पत्र्याचं दातेरी झाकण, क्राऊन कॅप, एकवीस दात असतात त्याला, मोजून बघा कधीतरी. हे १८९२ साली अमेरिकेत विल्यम पेंटर नावाच्या माणसाने पेटंट केलं आणि तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. बहुतेक बाटल्यांना २६ मिलिमीटरचं बसतं, पण काही बेल्जियन बाटल्यांना आणि युरोपातल्या शॅम्पेनच्या बाटल्यांना २९ चं लागतं, तेव्हा पबमधून मिळेल ते उचलून आणण्याआधी एक झाकण खिशात ठेवून तोंडावर लावून बघायला सांगा मुलाला. झाकण दाबायला दोन दांड्यांचा कॅपर मिळतो, तो बाटलीच्या तोंडाखाली जी काचेची कड असते तिला पकडून दाबतो, ती कड फार बारीक किंवा आखूड असली की घसरतो. जास्त बाटल्या करणार असतील तर टेबलावर ठेवायचा उभा कॅपर घ्यावा, मनगट वाचतं. ज्या बाटलीचं झाकण हाताने फिरवून निघतं, म्हणजे तोंडाला आटे असतात, ती घेऊ नये, साधं क्राऊन झाकण तिच्यावर नीट बसेलच याची खात्री नसते आणि हळूहळू गॅस निघून जातो.

दुसरा प्रकार म्हणजे तारेच्या क्लिपचं झाकण, स्विंग टॉप. कॅपर नको, झाकणं विकत आणायला नकोत, वर्षानुवर्षं वापरा. मला विचाराल तर घरगुती माणसाने शक्य असेल तर यातच पैसे घालावेत, पण बिअरच्या कंपनीने बिअर भरून विकलेली स्विंग टॉप बाटली घ्यावी, शोभेची नाही, त्याचं कारण खालच्या पत्राच्या उत्तरात आहे.

हिशोब असा की वीस लिटरला अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या, तळाशी गाळ राहतो तो सोडला तर अडतीसेक भरतात. साखर प्रत्येक बाटलीत चमच्याने घालायला लावू नका, एकात जास्त पडते एकात कमी. लिटरला साधारण ६ ग्रॅम म्हणजे वीस लिटरला १२० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, गार करून, सगळ्या बिअरमध्ये हलक्या हाताने ढवळायची आणि मग भरायची. पण त्याआधी आंबणं पूर्ण थांबलंय ना हे हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजायच्या तरंगत्या काचेच्या नळीने, दोन-तीन दिवस बघा, आकडा हलला नाही तरच बाटलीत भरा, नाहीतर मोजून घातलेल्या साखरेला काही अर्थ उरत नाही कारण आत आधीची न मोजलेली साखर बसलेलीच असते. वरती अडीच-तीन सेंटिमीटर जागा सोडा.

मी कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, करते, मागच्या वर्षीपासून. मॉलमधून खूप सुंदर चौकोनी बाटल्या आणल्या होत्या, क्लिपच्या झाकणाच्या. मे महिन्यात हापूसचा रस घालून भरल्या, ओट्यावर ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी रात्री दोन वाजता आवाज झाला, बाटलीचा तळ वेगळा आणि वरचा भाग वेगळा, रस छताला. घरात कुणाला लागलं नाही एवढंच नशीब. मिस्टर म्हणतात की आता हे बंद. खरंच बंद करू का?
– एक वाचक, ऐरोली

बंद नका करू ताई, पण त्या उरलेल्या चौकोनी बाटल्यांमध्ये आजपासून तेल किंवा सरबत भरा. गोल बाटलीत आतला दाब सगळीकडे सारखा वाटला जातो, चौकोनी बाटलीत सपाट बाजू बाहेर फुगायला बघते आणि सगळा ताण कोपऱ्यांवर आणि तळाच्या कडेवर येतो, म्हणूनच तुमचा तळ तसा सुटा झाला. दिसायला झाकण तेच, तार तीच, रबरी रिंग तीच, त्यामुळे माणूस फसतो, आणि झाकण इतकं घट्ट बसतं की गॅसला बाहेर पडायला वाट नाही, मग काच देते वाट. काही बाटल्यांवर तळाशी किंवा लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की गॅसच्या पेयासाठी नाही, आपण ते लेबल घरी येऊन आधी सोलून टाकतो.

पण सगळा दोष बाटलीचा नाही, थोडा आंब्याचा पण आहे. शंभर ग्रॅम रसात साधारण चौदा ग्रॅम साखर धरा. अर्धा लिटर बाटलीत एवढा रस घातला तर लिटरला अठ्ठावीस ग्रॅम झाली. यीस्टने ती सगळी खाल्ली तर साखरेच्या वजनाच्या निम्मा, म्हणजे लिटरला चौदा ग्रॅम गॅस, आणि तो होतो सात व्हॉल्यूम. वर काकांना सांगितलं की बिअरमध्ये अडीच असतो. सात व्हॉल्यूमला बिअरची चांगली गोल बाटली पण भरवशाची नाही. त्यात तुमच्या ओट्यावर मे महिन्यात ३२-३३ डिग्री असणार, आंबणं धावत सुटतं, थंड देशातल्या कृतीत आठवडाभर ठेवा लिहिलेलं असतं ते आपल्याकडे दीड-दोन दिवसांत होऊन जातं.

तर रस दोन चमचे, फार तर तीन. कोकम घातलंत तर अजून सोपं, त्यात जवळजवळ साखर नसते, वेगळी मोजून घालता येते आणि रंग काय येतो, बघत राहावं असा. भरताना एक बाटली प्लास्टिकची भरा, कोल्ड्रिंकची अर्ध्या लिटरची, बाकीच्यांच्या शेजारीच ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ दाबून बघा, ती दगडासारखी कडक झाली की सगळ्या फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये आंबणं मंदावतं, थांबत नाही, त्यामुळे आठवडा-दहा दिवसांत संपवा. आणि गॅस धरेपर्यंत बाटल्या उघड्या ओट्यावर नकोत, झाकणाच्या बादलीत किंवा जुन्या आइसबॉक्समध्ये ठेवा, फुटलीच तर काच आतल्या आत. फ्रिजमधून काढल्यावर उघडताना वर जाडसर नॅपकिन धरायचा, तोंड स्वतःकडे नाही आणि मिस्टरांकडे पण नाही.

एक अजून. घरच्या कोंबुचात आणि आल्याच्या पेयातही थोडं अल्कोहोल तयार होतंच, दिवस वाढवले आणि साखर वाढवली की तेही वाढतं. लहान मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नका.

आमच्या नेरुळच्या भंगारवाल्याकडे साडेसहाशे मिलीच्या ब्राऊन बिअरच्या बाटल्या ढिगाने असतात, अगदी किरकोळ भावात देतो. आल्याच्या पेयासाठी घेऊ का? धुवायच्या कशा? लेबल काही केल्या निघत नाही.
– एक वाचक, नेरुळ

घ्या, पण निवडून घ्या, आणि निवडताना नाक आधी वापरा, डोळे नंतर. आपल्याकडे दारावर फिनाईल आणि ॲसिड विकायला येतात ते कशात भरलेलं असतं आठवा, असल्याच जुन्या बाटल्यांमध्ये. रॉकेल, टर्पेंटाईन, उंदराचं औषध, काहीही असू शकतं. भंगारातल्या बाटलीचा इतिहास कुणालाच माहीत नसतो. फिनाईलचा जरासा जरी वास आला तर ती बाटली परत, धुवून जाईल वगैरे काही नाही. वास नसलेलं विष पण असतं, त्यामुळे माझं ऐकाल तर भंगारवाल्यापेक्षा ओळखीच्या हॉटेलवाल्याकडून किंवा कुणाच्या पार्टीच्या दुसऱ्या दिवशी घ्या, म्हणजे आत बिअरच होती हे तरी नक्की.

आता डोळे. आपल्याकडे बिअरच्या बाटल्या कंपनीत परत जातात, धुतल्या जातात, पुन्हा भरल्या जातात, असे बरेच फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात क्रेटमध्ये एकमेकींवर घासून खांद्याजवळ आणि बुडाजवळ पांढरट खरखरीत पट्टा उमटतो. तो पट्टा हलका असेल तर ठीक, पण बोट फिरवल्यावर कानशीसारखा लागत असेल तर बाटली दमलीय, सोडा. मग तोंडावरून नख फिरवायचं, नख कुठे अडकलं म्हणजे टवका उडालाय, तिथे झाकण बसणार नाही आणि पिताना ओठ कापेल तो वेगळाच. शेवटी ट्यूबलाईटसमोर धरून बुडाला चांदणीसारखा तडा आहे का बघा, काच आपटली की असा तडा पडतो आणि तो साध्या उजेडात दिसत नाही.

लेबलसाठी बादलीत गरम पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा, बाटल्या आत पाण्याने भरून रात्रभर बुडवून ठेवा. खायचा सोडा नाही, तो मवाळ असतो. हातात ग्लोव्हज घाला, कातडी सोलते. सकाळी बरीचशी लेबलं पाण्यावर तरंगत असतात. चिकट राहिलं तर त्यावर खोबरेल तेल चोळून पंधरा मिनिटांनी खरवडा. आतून लांब दांडीच्या ब्रशने घासा, तळाच्या गोल कडेत काळपट बुरशीची रिंग असते ती सुटायला हवी, नाही सुटली तर टाकून द्या, बाटली स्वस्त आहे. वासाचं लिक्विड सोप नको, त्याचा पातळ थर राहतो आणि पेयाला फेस धरत नाही.

धुतलेली बाटली म्हणजे निर्जंतुक बाटली नाही, ते वेगळं करायचं. मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घालून बाटल्या आडव्या ठेवा, गार पाण्यात बुडवा आणि मग गॅस पेटवा, उकळी आल्यावर दहा मिनिटं, आणि पाणी कोमट झाल्यावरच बाहेर काढा. घाईत गार बाटलीत उकळतं पाणी ओतलं की तड्ड. ब्लीच वापरणार असाल तर फार पातळ करा आणि भरपूर पाण्याने खंगाळा, आणि त्यात व्हिनेगर किंवा लिंबू चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

ब्राऊनच हवी असा मात्र हट्ट नको. आल्यात हॉप्स नसतात, त्यामुळे उजेडाने तो वास यायचा प्रश्नच येत नाही. उलट पारदर्शक सोड्याची बाटली मिळाली तर ती घ्या, गाळ किती बसलाय ते दिसतं.

कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटल्यांमध्येच सगळं केलं तर? फुटायची भीती नाही. – एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

करा की. नवशिक्यांनी खरं तर तिथूनच सुरुवात करावी. गॅसच्या कोल्ड्रिंकचीच हवी पण, मिनरल वॉटरची नाही, ती पातळ असते. ताण किती चढलाय ते हाताला कळतं, फारच चढला तर झाकण जरा सैल करून फुस्स करता येतं. तोटे असे की उकळतं पाणी घातलं की आक्रसते आणि वाकडी होते, आत ब्रश घातला की ओरखडे पडतात आणि ओरखड्यात जंतू बसतात, वास धरून ठेवते, आणि काही महिने ठेवायचं म्हटलं तर गॅस प्लास्टिकमधून हळूहळू निघून जातो. आल्याच्या पेयाला महिने लागतच नाहीत. ओरखडे दिसले, तळ फुगून बाटली डुलायला लागली की रद्दीत द्या आणि दुसरी घ्या.

वडिलांच्या काळातल्या गोटी सोड्याच्या चार बाटल्या माळ्यावर सापडल्या, त्यात भरता येईल का? – एक वाचक, वाशी

बाटली काय मजबूत असते ती! हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेलं हे डिझाईन, आतल्या गॅसच्या दाबानेच गोटी वर जाऊन रबरी रिंगला चिकटते, वेगळं झाकणच नाही. अडचण तिथेच आहे. कारखान्यात आधीच गॅस मिसळलेलं पाणी दाबाने भरतात आणि बाटली उलटी करतात, तेव्हा गोटी बसते. आपलं पेय भरताना त्यात गॅस नसतो, तो पुढच्या दोन दिवसांत हळूहळू होणार, तोपर्यंत गोटीला वर धरणार कोण? शिवाय तुमच्या त्या रबरी रिंगा इतक्या वर्षांत वाळून दगड झाल्या असणार, आणि गोटीच्या खाचेत ब्रश पोचत नाही. शोकेसमध्ये ठेवा, चारही शाबूत असतील तर कुणीतरी मागायला येईलच.

भाचा न्यूझीलंडला घरी बिअर करतो. दिवाळीला येताना भरलेल्या दोन-तीन बाटल्या आण म्हणून सांगू का? – एक वाचक, खारघर

नको. घरच्या बिअरमध्ये यीस्ट जिवंत असतं, प्रवासात गरम होऊन हलली की दाब चढतो, बॅगेतली एखादी गळली तर कपड्यांचा वास निघत नाही, आणि कस्टमच्या दोन लिटर दारूच्या करमुक्त सवलतीत ती धरली जाते ते वेगळंच. त्यापेक्षा त्याला रिकाम्या स्विंग टॉप आणायला सांगा, मोज्यांमध्ये घालून, झाकण उघडं ठेवून. इथे आल्यावर रबरी रिंगा आधी बदला, आणि वापर नसेल तेव्हाही झाकण लावून ठेवू नका, आपल्या हवेत रिंग चिकटून बसते आणि पावसाळ्यात तारेला गंज धरतो.